त्र्याऐंशी शून्यं

मंगळवार, ४ मार्च

बाबा,

हे पाकीट तुम्ही फोडणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र आत्यालाही आहे. आत्या, बाबा जेवायला बसले की वाचायला घे. तोंडात घास असला की त्यांना उठून जाता येत नाही.

तीन वर्षांत काय काय केलं ते लिहायला बसले तर वजन वाढून जादा तिकीट लावावं लागेल. थोडक्यात सांगते. छापखान्यात कागदाचे गठ्ठे बांधले, रोपवाटिकेत पाणी घातलं, चपलांच्या दुकानात लोकांचे पाय पाहिले (माणसं तोंडापेक्षा पायांनी जास्त बोलतात, पण ते पुढे कधीतरी), आणि गोदीवर तीन महिने नुसत्या याद्या वाचून दाखवल्या. कुठेच टिकले नाही. उगाच नाही तुम्ही माझं नाव भिंगरी ठेवलंत.

आता मात्र एक काम मिळालंय आणि ते मला मनापासून आवडतंय. हे वाक्य मी आधीही चारदा लिहिलं असेल. तरी ऐका.

मी जिथे आहे तिथे नदीकाठी एक मोठं सखल मैदान आहे. पाणी चढलं की नदी त्यावर पसरते, उतरलं की परत आपल्या पात्रात जाते. शहराला तिथे भिंत घालायची आहे आणि मैदान भरून त्यावर इमारती उभारायच्या आहेत. भिंतीला किती खर्च येईल ते कागदावर तयार आहे. पण ते मैदान पुराचं पाणी पोटात घेतं, गाळ खाली बसवतं, मासे तिथे अंडी घालतात, तिथल्या लव्हाळ्यावर पंचवीस-तीस घरं चटया विणून जगतात, त्याची किंमत कोणत्याच कागदावर नाही. फुकट मिळतं म्हणून कुणी धरतच नाही. तर ते धरायचं, म्हणून नदी खात्याने एक सर्व्हे काढलाय. अर्थशास्त्राच्या एक बाई त्याच्या प्रमुख आहेत. त्यांना दोन चष्मे आहेत, एक नाकावर आणि एक डोक्यावर, आणि शोधत असतात तिसराच.

मी चार नंबरची सर्व्हेवाली. घरोघर जायचं, दोन चित्रं दाखवायची, एक मैदानाचं, एक भिंतीचं. मग छापील प्रश्न अक्षरशः वाचायचा: "हे मैदान असंच राहावं म्हणून तुम्ही दर महिन्याच्या पाणीपट्टीत किती रक्कम जास्त भराल?" जे सांगतील ते चौकोनात लिहायचं.

आता मला सांगा, असा प्रश्न विचारल्यावर कुणी गप्प बसेल का? एक चटयावाली मावशी आहे. तिने मला दीड तास बसवून घेतलं. म्हणाली, "मैदान माझं नाही. जे माझं नाही त्याचा भाव मी कसा सांगू? आणि ज्याचं आहे ते बोलत नाही."

"कुणाचं आहे?"

"नदीचं. तुझं आहे का?"

मग तिने मला लव्हाळं कापायचा विळा कसा धरतात ते दाखवलं, आपल्या तीन जावयांची लक्षणं सांगितली, आणि मी निघताना म्हणाली, "बरी आहेस गं, ऐकतेस तरी." बाबा, तुम्ही कधी असं म्हणाला नव्हता. टोमणा नाही मारत, आठवलं म्हणून लिहिलं.

माझी एकशे साठ घरं सगळ्यांच्या आधी पूर्ण झाली. बाईंनी पाठ थोपटली. एकवीस तारखेला समितीपुढे सुनावणी आहे, त्यात हा अहवाल ठेवणार.

मी ठीक आहे. पत्ता देत नाही.

भिंगरी


रविवार, ९ मार्च

बाबा, आत्या,

पत्ता दिला नाही म्हणजे मी फार लांब आहे असं वाटावं, अशी माझी चलाखी होती. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का आत्याने बघितलाच असेल. तर हो. दोन महिने झाले, मी इथेच आहे. पलीकडच्या काठावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. खिडकीतून तुमच्या पाणी केंद्राच्या टाक्या दिसतात. आणि ते मैदान म्हणजे आपला पसाराच, नदी पसरते म्हणून सगळे ज्याला पसारा म्हणतात तो. तुम्हाला पहिल्या ओळीतच कळलं असणार.

पण आज हे सांगायला नाही लिहीत. माझ्या हातून एक चूक झालीये, मोठी.

परवा बाईंनी अहवालाचा कच्चा मसुदा आम्हा सर्व्हेवाल्यांना वाचून दाखवला. बाकी सगळ्या वस्त्यांचं ठीक होतं. मग आली काठवस्ती, म्हणजे माझी एकशे साठ घरं. बाईंनी वाचलं: "या वस्तीतील एकशे साठपैकी त्र्याऐंशी कुटुंबांना पसारा टिकवण्याची गरज वाटत नाही. पसाऱ्याच्या सर्वांत जवळच्या लोकांनाच त्याचं मोल वाटत नसल्यामुळे भराव घालण्यास सामाजिक अडचण दिसत नाही."

मी म्हटलं, "चूक आहे. असं कुणीच म्हणालं नाही."

बाई म्हणाल्या, "तुझेच फॉर्म आहेत."

त्यांनी गठ्ठा पुढे सरकवला. त्र्याऐंशी शून्यं. माझ्याच अक्षरात. आणि प्रत्येक शून्याखालचा पुढचा प्रश्न कोरा.

बाबा, तो पुढचा प्रश्न असा आहे. कुणी शून्य म्हणालं तर विचारायचं, "का?" आणि चारातल्या एका चौकोनात खूण करायची. एक, गरज वाटत नाही. दोन, परवडत नाही. तीन, ही गोष्ट पैशात मोजणं मान्य नाही. चार, ज्यांना भिंत हवी आहे त्यांनीच पैसे द्यावेत. पहिली दोन खरी शून्यं. तिसरं आणि चौथं वेगळं काढायचं, कारण ते शून्य नाहीच, तो नकार आहे. आणि कोरं असेल तर कारकून ते एक नंबरमध्ये टाकतो. नियमच आहे तसा.

मी "का" विचारलं नव्हतं असं नाही. मी विचारलं आणि मग तास-तासभर ऐकत बसले! मावशीचा विळा, जावई, निवृत्त शिंप्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाची होडी कशी वाहून गेली. ऐकता ऐकता चौकोन राहून गेला. उठताना वाटायचं, आता हिला परत चौकोन काय विचारायचा, कळलंय की मला. सगळं ऐकलं मी, लिहिलं काहीच नाही. आणि मावशीचं ते सगळं बोलणं कागदावर "गरज वाटत नाही" होऊन बसलंय.

बाईंनी नाकावरचा चष्मा काढला, डोक्यावरचाही काढला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "सतरा तारखेपर्यंत वेळ आहे. त्र्याऐंशी घरं परत कर. प्रत्येक फॉर्मवर त्या माणसाची सही. नाही झाली तर तुझी वस्ती आहे तशीच छापून जाईल, कारण ती गाळायचं कारण माझ्याकडे नाही."

मी करणार आहे. रोज अकरा घरं. आजची अकरा झाली.

भिंगरी


गुरुवार, १३ मार्च

आत्या, तुझी चिठ्ठी मिळाली. "ते ऐकतात. मध्येच पाणी मागतात, पण ऐकतात." एवढ्या दोन ओळी मी दुकानातल्या सायकलवाल्यालाही वाचून दाखवल्या. तो म्हणाला, "पाणी मागतात म्हणजे घसा दाटतो." त्याला काय कळतंय.

बाबा, छप्पन्न घरं झाली. दुसऱ्यांदा दार वाजवणं फार अवघड असतं. पहिल्यांदा आपण पाहुणे असतो, दुसऱ्यांदा पीडा. निवृत्त शिंप्याने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "परत? गेल्या वेळचं माप चुकलं का?"

"माप बरोबर होतं काका, लिहायचं राहिलं."

"आमच्या धंद्यात त्याला कापड फुकट घालवणं म्हणतात." मग खुर्ची दिली आणि सांगितलं, "लिही. भिंत त्यांना हवी आहे. मग न बांधण्याचे पैसे मी का देऊ? उद्या शेजारी म्हणेल, मला तुझ्या दारात खड्डा खणायचाय, नको असेल तर महिन्याला अमुक दे. देईन मी?" चार नंबरवर खूण, सही. या वेळी उठून जायची घाई मी केली नाही आणि जास्त बसलेही नाही. गुडघ्याचं विचारलं मात्र.

सगळे असे नाहीत. एका घरातला माणूस म्हणाला, "डास, चिखल, पाणसाप. भरून टाका एकदाचं. आणि हे नीट लिहा." लिहिलं. एक नंबर. अक्षर नीट काढलं. मला ते आवडलं नाही, पण त्याचं शून्य खरं आहे आणि त्याला त्याच्या खऱ्या शून्याचा हक्क आहे. एका बाईंनी दार अर्धंच उघडलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "द्यायची इच्छा आहे गं, पण नाही जमत." दोन नंबर.

माझ्याबरोबर एक सर्व्हेवाला आहे, आम्ही त्याला उंच्या म्हणतो. काल तो मला चहाच्या टपरीवर भेटला. माझ्या चपलांकडे बघून म्हणाला, "वेडी आहेस का? सगळ्यांचं बोलणं तुला तोंडपाठ आहे. खोलीवर बस, चौकोन भर, सह्या मी डाव्या हाताने करतो. एका दुपारचं काम."

आणि बाबा, आठवतं मला खरंच. कोण काय म्हणालं ते शब्दन् शब्द. भरले असते तर बहुतेक बरोबरच निघाले असते.

मी नाही म्हटलं. का ते तुम्हाला ठाऊक आहे. आत्यालाही ठाऊक आहे, पण आपल्यात ते कुणी कधी मोठ्याने बोललेलं नाही, म्हणून आज मी लिहिते. आत्या, हे वगळू नकोस.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या केंद्रावर माझं काम एवढंच होतं. दर दोन तासांनी नदीच्या पाण्याचा नमुना घ्यायचा, यंत्रात धरायचा, गढूळपणाचा आकडा नोंदवहीत लिहायचा. त्यावरून तुम्ही तुरटी किती घालायची ते ठरवायचात. त्या दिवशी पलीकडच्या काठावर मोठ्या तराफ्यावरून एक क्रेन उतरवत होते. मी बघायला गेले. नुसती पाचच मिनिटं म्हणून. आले तेव्हा चार नोंदी राहिल्या होत्या. सकाळी पाणी स्वच्छ होतं, म्हणून लिहून टाकलं: बारा, बारा, तेरा, बारा. तेरा मुद्दाम घातला, खरं वाटावं म्हणून. वर पाऊस पडून गेला होता. खरा आकडा एकशे चाळीस होता. शहराच्या नळांना चिखल गेला. नोंदवहीवर पाळीप्रमुख म्हणून सही तुमची होती. लेखी ठपका तुम्हाला आला, आणि तुमच्यापेक्षा सहा वर्षं मागून आलेला माणूस तुमच्या वर जाऊन बसला.

तुम्ही मला फक्त एवढंच म्हणालात, "न मोजता लिहिलंस." दुसऱ्या दिवशी मी पिशवी उचलली. तुम्ही हाकलून दिलं असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आले. तुम्ही हाकललं नव्हतं. मी पळाले.

उरली सत्तावीस.

भिंगरी


रविवार, १६ मार्च

बाबा,

एक्याऐंशी झाली. एक कुटुंब वस्ती सोडून गेलं, ते वगळायचं. म्हणजे ब्याऐंशीपैकी एक राहिलं.

हे मला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. चारदा लिहिलं, चारदा फाडलं. आत्या, हे वाचून झालं की त्यांना पाणी दे.

घरं आम्ही निवडत नाही. यादी खात्याकडून येते, दर पाचवं घर. माझ्या यादीत पंचावन्न नंबरला तुमचं घर होतं.

मी आले होते. गल्लीच्या टोकापर्यंत आले. दाराबाहेर आत्याची छत्री वाळत घातलेली दिसली. तिथून वळले, पिंपळाखाली बसले आणि फॉर्म भरला. कुटुंबातली माणसं: दोन. पाणी कुठून येतं: नळ. प्रश्नाचं उत्तर: शून्य. मला वाटलं, तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. खाली माझ्याच हाताने तुमचं नाव.

बाकीच्या फॉर्ममध्ये मी लिहायचं विसरले. या एकात मी न मोजता लिहिलं. दुसऱ्यांदा. तेही तुमच्याच नावावर.

आज दुपारी बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी कपाट उघडलं. मग नियमाचं पान काढून दाखवलं. एखाद्या सर्व्हेवाल्याचा एक जरी फॉर्म बनावट निघाला तर त्याचे सगळे फॉर्म बाद. एकशे साठच्या एकशे साठ. मावशी, शिंपी, डासवाला, सगळे. समितीपुढे काठवस्ती नावाची वस्तीच उरणार नाही, आणि काठवस्ती सोडून उरलेल्या सगळ्या शहराचं मत घेऊन पसारा भरला जाईल.

"मग सांगितलंस कशाला?" बाई म्हणाल्या. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

मी म्हटलं, "तुम्ही त्यावर सही करणार आहात."

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, खात्यात कुणाकुणाला फोन केले. शेवटी एक वाट निघाली. त्या माणसाने स्वतः, माझ्यासमोर बसून, फॉर्म पुन्हा द्यायचा. जुना बनावट फॉर्म त्याला जोडायचा, त्याने तो पाहिल्याची सही करायची. आणि मी काय केलं ते अहवालात छापायचं. मग बाकीचे फॉर्म राहतील. वीस तारखेला चार वाजेपर्यंत. त्याने नाही म्हटलं तर काही करता येणार नाही, आणि त्याला गळ घालायची नाही, तोही नियमच.

म्हणून गळ घालत नाही. गुरुवारी वीस तारखेला दोन वाजता मी येते. तुमची पाळी असेल, तर केंद्रावरच येते. माफी मागायला येत नाही, ती वेगळी गोष्ट आहे आणि तिला चार वाजताची मुदत नाही. प्रश्न विचारायला येते. तुम्ही फाटकावर नाही म्हणालात तर वहीत "नकार" लिहीन आणि तेही नीट लिहीन.

भिंगरी


शनिवार, २२ मार्च

बाबा,

आत्याने निरोप पाठवला की आता तुम्ही पाकीट स्वतः फोडता. तेव्हा हे पत्र फक्त तुम्हाला. परवाचं तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तिथेच होतात. पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते लिहून ठेवते, नाहीतर पुन्हा ऐकलं सगळं आणि लिहिलं काहीच नाही असं व्हायचं.

फाटकावरच्या माणसाने मला ओळखलं आणि ओळख दाखवली नाही. तुम्ही गाळण्यांच्या खोलीत होतात. केस पांढरे झालेत. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "बस." मी बसले. "वाच."

मी दोन चित्रं ठेवली, छापील प्रश्न वाचला. आवाज फाटत होता. तुम्ही म्हणालात, "परत वाच. नीट." परत वाचला.

"शून्य."

"का?"

तुम्ही मागच्या पंपाची झडप अर्धी फिरवलीत. मग म्हणालात, "एकतीस वर्षं मी हे पाणी साफ करतोय. वर पाऊस झाला की जुन्या पुलापाशी पाणी चहासारखं असतं. आपल्या केंद्राच्या उपशाच्या विहिरीशी येईपर्यंत निम्मं निवळलेलं. मध्ये काय आहे?"

"पसारा."

"माझ्या आधी तो काम करतो. पगार नाही, रजा नाही, ठपका नाही. माझ्या जोडीचा माणूस आहे तो. जोडीच्या माणसाला काय भाव म्हणून विचारतात का?"

"मग तीन नंबर?"

"दे इकडे." खूण तुम्हीच केलीत. सही केलीत. मग हात पुढे केलात, "तो दुसरा."

मी बनावट फॉर्म दिला. माझ्या आयुष्यात मी इतकं हळू काही पुढे केलं नसेल. तुम्ही तो वरपासून खालपर्यंत वाचलात.

"यातही शून्यच आहे."

"हो."

"म्हणजे बरोबरच होतं."

"नाही बाबा. बरोबर नव्हतं."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे पहिल्यांदा बघितलंत. पाळीचा भोंगा झाला, तुम्ही सही करून उठलात. जाताना म्हणालात, "चपला बदल. झिजल्यात." मी तीन वाजून दहा मिनिटांनी बाईंच्या टेबलावर फॉर्म ठेवला.

आता कालची सुनावणी.

मोठी खोली, लांब टेबल, समितीचे पाच जण. भिंतीचा इंजिनिअर माणूस म्हणून वाईट नाही. वस्तीत पाणी शिरतं तेव्हा लोकांना खांद्यावरून काढलंय त्याने, त्याला मनापासून वाटतं भिंत हवी. त्याने जुना मसुदा उघडला. "मी नाही म्हणत, आकडे म्हणतात. काठवस्तीतल्या निम्म्याहून जास्त घरांना याची गरज वाटत नाही."

बाई उभ्या राहिल्या. "ते पान बदललंय. ब्याऐंशी घरं पुन्हा विचारली. सतरा जणांना गरज वाटत नाही. नऊ जणांना परवडत नाही. छप्पन्न जणांनी किंमत लावायला किंवा पैसे मोजायला नकार दिलाय. त्या लोकांनी पसारा कवडीमोल ठरवलेला नाही."

"बदललं का?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मी स्वतःच उठले. सांगितलं, चार नंबरची सर्व्हेवाली मी. ब्याऐंशी ठिकाणी कारण लिहायचं राहिलं, आणि एक फॉर्म मी घरी न जाता भरला. दोन्ही अहवालाच्या शेवटी छापलंय. मागे मावशी बसली होती, ती मोठ्याने म्हणाली, "राहिलं तर राहिलं, परत आली ना!" अध्यक्षांनी तिला गप्प बसायला सांगितलं. ती बसली नाही. शिंपीकाकाही उठले, डासवालाही उठला. तो मात्र म्हणाला, "मी सतरातला आहे. माझंही बरोबर लिहिलंय." बाबा, त्याचं ऐकून समितीचा चेहरा बदलला, एवढं मला नक्की सांगता येईल.

मग तुमचं वाक्य वाचलं गेलं, जोडीच्या माणसाचं. तिथे इंजिनिअरच अडला. म्हणाला, "पाणी निवळतं म्हणतात, ते किती? मोजलंय कुणी? मोजलेलं असेल तर मीच भिंत मागे सरकवून देतो. नसेल तर हे एका माणसाचं म्हणणं झालं."

खरं आहे त्याचं. मोजलेलं नाही.

निकाल असा. एक वर्ष भराव नाही. वर्षभर रोज सकाळी पसाऱ्याच्या वर एक नमुना, पसाऱ्याच्या खाली एक नमुना. गढूळपणा केंद्रावर मोजायचा. एक दिवस सुटला तरी नोंद करायची की सुटला. वर्षाच्या शेवटी त्या आकड्यांवर पुन्हा सुनावणी. भिंत पुढे की मागे ते तेव्हा.

"रोज? तीनशे पासष्ट दिवस? कोण करणार?" अध्यक्ष म्हणाले. सगळे टेबलाकडे बघायला लागले. पगार जेमतेम आहे आणि सुट्टी एकही नाही.

मी हात वर केला.

इंजिनिअर म्हणाला, "ही? हिच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

बाई म्हणाल्या, "आणणार ही. मोजणार केंद्राचा माणूस. नोंदवहीत दोघांच्या सह्या. एक सही नसेल तर तो दिवस धरायचा नाही."

मंजूर झालं. सायकलवाल्याने एक जुनी सायकल दिलीये, दांड्याला बाटल्या अडकवायला पट्टा शिवलाय. मी वर्षभर एका जागी राहिलेली तुम्ही कधी पाहिली नाही. मीही नाही पाहिली. तरी करणार आहे. मधून मधून कुठेतरी एखादी क्रेन उतरत असेलच, ती मी संध्याकाळी बघेन.

केंद्राचा माणूस म्हणून समितीने कुणाचंही नाव घातलेलं नाही. ते तुमच्या साहेबाने ठरवायचं आहे. तुम्हाला नको असेल तर दुसरं कुणीतरी सही करेल, काम अडणार नाही. मी विचारत नाही, कळवते.


सोमवार, २४ मार्च, सकाळी पावणेसहा

बाबा,

आत्या काल संध्याकाळी स्वतः येऊन गेली. जिने चढून, धापा टाकत. म्हणाली, "त्यांनी साहेबाकडे अर्ज दिला. स्वतःच्या हाताने. सकाळची पाळी मागून घेतली." एवढं सांगून बसली, मग माझ्या खोलीला नावं ठेवत बसली.

हे फाटकावरच्या माणसाकडे देण्यापुरतं लिहिते आहे. वर पाऊस झालाय, नदी लाल आहे. पहिली बाटली जुन्या पुलाखाली भरते, दुसरी पसाऱ्याच्या खालच्या टोकाशी. सात वाजता केंद्रावर. आकडा काय येईल मला माहीत नाही, आणि अंदाजही करणार नाही. तुमचं म्हणणं खोटं निघालं तरी तोच लिहू.

फाटक उघडं ठेवायला सांगा. बाटल्या जड असतात.